वैशाखातली तेलाची जाळी

चैत्र संपत आला की आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या कॉलनीत घरोघरी एकच धांदल उडते. गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली येतात, मागच्या वर्षीच्या कुजक्या ताट्या उकिरड्यावर जातात आणि बाजारातून नव्या येतात. परवा आमच्याकडेही वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या. त्यांच्यावर पहिलं पाणी पडलं, घरभर तो थंड, मातकट वास पसरला, आणि शेजारच्या बाई डोळे मिटून म्हणाल्या, "माहेर आठवते बाई या वासानं." मी मान डोलावली, पण मला माहेर नव्हतं आठवलं. वाळ्याच्या वासानं मला इंजिनाचं तापलेलं तेल आठवतं.

ऐंशी उलटलेल्या बाईनं असलं काही बोलू नये, हे मला कळतं. पण खरं ते खरं. वैशाख लागला, डांबर पायाखाली मऊ व्हायला लागलं, कावळे चोच उघडी टाकून बसायला लागले की गावातले लोक दारं-खिडक्या लावून घेतात आणि माझ्या तळपायाला मात्र खाज सुटते. उजव्या तळपायाला. ज्यानं ॲक्सिलरेटर दाबायचा असतो, त्या पायाला.

पन्नास आणि साठच्या मधलं कुठलंसं साल होतं. मी चोवीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. वर्धा तेव्हा चालणाऱ्यांचं गाव होतं. भल्याभल्या घरची माणसं पायी चालायची, जाडीभरडी खादी नेसायची, आपलं सूत आपण कातायची आणि त्याचा अभिमान बाळगायची. आमचे वडील, बाबूजी, कोर्टात वकिली करायचे आणि कोर्टातही पायीच जायचे. अशा घरात माझ्यासारखी मुलगी कशी निपजली, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वेग आवडायचा. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. कुणाला शेवभाजी आवडते, कुणाला भजन, मला वेग.

माझे धाकटे मामा मुंबईला एका कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी लग्न केलं नाही, गाड्या केल्या, असं आई म्हणायची. त्यांची शेवटची आणि सगळ्यांत लाडकी गाडी म्हणजे शर्यतीत पळण्यासाठी बांधलेली, दोनच सीटांची विलायती मोटार. एका मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला त्या गाडीवर शिकवलं होतं. पुढे त्यांना काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा त्यांनी ती रेल्वेच्या वाघिणीत चढवून थेट वर्ध्याला माझ्या नावानं पाठवून दिली. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. "मालू, माझ्या दारात उभी राहून ही गंजेल. तुझ्याकडे पळू दे."

मालधक्क्यावर ती उतरली तेव्हा हमालांनी आधी तिला हातच लावला नाही. गर्द हिरवा रंग, हातभर रुंद छाती, लांबच लांब नाक, छप्पर म्हणून नुसतं कापड. एक म्हातारा हमाल तिच्याभोवती पूर्ण फेरी मारून आला आणि मला म्हणाला, "बाई, याचे पंख मागून येऊन राह्यले का?"

बाबूजी तिच्याकडे बघून काही बोलले नाहीत. वकील गप्प बसला की समजावं, तो मुद्दे काढतोय.

हिवाळाभर गाडीनं माझे लाड केले. सकाळच्या थंडीत पवनारपर्यंत जायचं, धामच्या पुलावर नदीचं वारं खायचं आणि शाळेच्या घंटेआधी परत यायचं. पण फाल्गुन सरला आणि तिची कुरकुर सुरू झाली. समोरच्या फळीवर एक छोटं घड्याळ होतं, त्यातला काटा इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवायचा. तेल तापलं की पातळ होतं, काकवी चुलीवर होते तसं, आणि पातळ तेलाचा दाब उतरतो. काटा खालच्या तांबड्या रेघेला टेकला की गाडी थांबवायची, नाहीतर इंजिन आतल्या आत स्वतःला खाऊन टाकेल, अशी मामांची ताकीद होती. चैत्रात काटा दहा मैलांत टेकायला लागला. मग मी झाडाखाली बॉनेट उघडून तासतासभर बसायची आणि येणारे-जाणारे मला पाणी विचारायचे.

शेवटी व्हायचं तेच झालं. सेलूला एका लग्नाला बाबूजींना घेऊन गेले होते. परत येताना पवनारच्या अलीकडे काटा टेकला तो टेकलाच. बाबूजींना कोर्टात पोचायचं होतं. एका शेतकऱ्यानं बैलजोडी सोडून गाडीला बांधली. शंभर मैलांच्या वेगानं धावणारी ती मोटार दोन बैलांच्या मागून, झुलत झुलत, भर बाजारातून वर्ध्याच्या कोर्टासमोर आली. आत बाबूजी मांडीवर दप्तर घेऊन ताठ बसलेले. सगळा बाररूम व्हरांड्यात जमला होता. एका वकिलानं तर बैलांच्या शर्यतीत विचारतात तसं विचारलंही, "काहो, जोडी कोणत्या पटातून आणली?"

त्या दिवशी संध्याकाळी बाबूजींनी मला समोर बसवलं.

"मालू, मी रागावलो नाई," ते म्हणाले. म्हणजे फार रागावले होते. "माही तक्रार एकच हाये. ही गाडी आपल्या हवेची नाई. नागपूरचे एक गिरणीवाले तिले घ्याले तयार हायेत. वैशाखात कोर्टाले सुट्टी लागली की मी नागपूरले जातो. तू मले या गाडीनं ने. भर बारा वाजता निघायचं. त्यांच्या बंगल्यापर्यंत गाडी एकदाही थांबली नाई, तर गाडी तुही. थांबली, तर किल्ली त्यांच्या हाती देऊ अन् पॅसेंजरनं घरी येऊ."

"थांबायचं कारण दुसरंच काही असलं तर?"

"कारण सांगायचं नाई. वकिलाजवळ कारणं सांगू नये. तो दिवसभर थेच ऐकते."

आजच्या मुलींना यात काय एवढं, असं वाटेल. गाडी गेली तर दुसरी घ्यावी. पण मला तेव्हा लख्ख दिसलं होतं, की ही गाडी गेली तर माझ्या आयुष्यातून पवनारच्या फेरीची ती सकाळची चाळीस मिनिटं जातील. त्या चाळीस मिनिटांत मी कुणाची मुलगी नसायची, कुठल्या वर्गाची बाई नसायची. ती चाळीस मिनिटं मला प्राणापलीकडे होती, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

मी दुसऱ्याच दिवशी नामदेवमिस्त्रींकडे गेले.

नामदेवमिस्त्री हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये वीस वर्षं ऑइल इंजिनं सांभाळून आले होते. स्टेशनाच्या बाजूला त्यांचं टिनाचं गॅरेज होतं. माणूस बारका, मिशा मोठ्या, आणि बोलणं कापसाच्या गाठीसारखं दाबून बांधलेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, काडीनं तेल घेऊन बोटांत चोळलं, पुढे वाकून जाळीमागे पाहिलं आणि हसले.

"बाई, हे पाहा. हे तेल थंड करायची जाळी. इंजिनातलं तेल हिच्यातून फिरून येते अन् वाऱ्यानं थंड होते. पण केवढी? पोथीएवढी! हे थंड मुलखाचं माप हाये. तिथं वाराच बरफाचा. इथं वैशाखात पाखरू झाडावरून पडते."

"मग?"

"मग काय? मोठी जाळी लावा लागते."

एवढंच. पण त्या 'एवढंच'मधून माझा तो सगळा उन्हाळा तयार झाला. परीक्षा संपल्या होत्या, उत्तरपत्रिका तपासून झाल्या होत्या. सकाळी सात वाजता मी गॅरेजमध्ये हजर. आईनं डोक्याला हात लावला, पण डब्यात माझ्यासोबत मिस्त्रींसाठीही ज्वारीची भाकर आणि आंब्याचं लोणचं यायला लागलं.

जाळी आम्हाला कामठीला मिळाली. लढाई संपून वर्षं झाली होती, तरी लष्कराचं भंगार तिथल्या बाजारात डोंगरासारखं पडलेलं असायचं. एका ढिगाच्या तळाशी मिस्त्रींना ती दिसली. पाटाएवढी, पितळी, बारीक बारीक नळ्यांची, मातीनं बुजलेली. विमानाची होती की रणगाड्याची, विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी एका तोंडाला बूच मारलं, दुसऱ्या तोंडाला ओठ लावले आणि जाळी शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडवून फुंकर मारली. आम्ही दोघं हौदावर वाकून बुडबुड्यांची वाट बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही. मिस्त्रींनी मिशीवरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, "जिवंत हाये." मला तिथेच नाचावंसं वाटलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये ती जाळी मी मांडीवर घेऊन बसले होते, आणि समोरच्या बाईनं काय आहे म्हणून विचारलं तेव्हा गंभीर तोंडानं सांगितलं, "आमच्या गाडीचं फुप्फुस."

आता ती बसवायची कुठे आणि नळ्या न्यायच्या कुठून? गाडीच्या कप्प्यात मामांची एक इंग्रजी पुस्तिका होती, तीत जाळी बसवण्याचं चित्र होतं. मी वाचून अर्थ सांगायचा, मिस्त्रींनी फरशीवर खडूनं रेघा मारायच्या, अशी आमची शाळा भरली. चित्रातल्या नळ्या इंजिनाच्या उजव्या अंगानं सरळ पुढे गेल्या होत्या. मी मोठ्या थाटात सांगितलं, उजवीकडून. मिस्त्री उकिडवे बसून बराच वेळ चित्राकडे आणि गाडीकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"बाई, रागावजो नका. पण या चित्रातला माणूस भलत्याच बाजूले बसला हाये."

मी पुस्तिका ओढून घेतली. खरंच की! ते चित्र अमेरिकेत जाणाऱ्या गाडीचं होतं. तिथे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणून त्या गाडीची उजवी बाजू मोकळी. आमचं स्टिअरिंग उजवीकडे. उजव्या अंगानं स्टिअरिंगचा दांडा खाली उतरलेला. तिथून नळी नेली असती तर सरळ रस्त्यावर काही कळलं नसतं, पण गाडी जोरात उजवीकडे वळवली की दांड्यानं नळी चेपली असती आणि सगळं उकळतं तेल रस्त्यावर. अकरावीच्या मुलींना आकृती नीट बघा, आकृती नीट बघा म्हणून ओरडणारी मी, आणि आकृती नीट पाहिली ती नामदेवमिस्त्रींनी.

म्हणून नळ्या इंजिनाखालून आडव्या काढून डाव्या अंगानं न्यायच्या ठरल्या. याचा अर्थ तांब्याच्या नळीला पाच वळणं. पोकळ नळी नुसती वाकवली तर ती मुडपते आणि चेपते. मिस्त्रींची रीत अशी, की नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करायची आणि मग नळी तापवून गुडघ्यावर वाकवायची. वाळू आतून नळीला आधार देते. वाळू पवनारच्या धाम नदीची. मी ती चाळली, आईच्या जुन्या कढईत खरपूस भाजली आणि मिस्त्रींनी ती चमच्यानं नळीत भरली. नळी वळत गेली, गोल, गुळगुळीत, कुठे सुरकुती नाही. मी वर्गात उष्णता आणि धातू शिकवायची, पण धातू असा हाताखाली ऐकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग खरी भीती सुरू झाली. वाळूचा एक दाणा जरी नळीत राहिला आणि तेलाबरोबर इंजिनात गेला, तर इंजिन संपलं. दोन दिवस आम्ही नुसत्या नळ्या धूत होतो. रॉकेलनं धुवायच्या, दोरीला चिंधी बांधून आतून ओढायची, चिंधी उन्हात धरून बघायची. चिंधीवर काही चमकलं की पुन्हा पहिल्यापासून. अकराव्या वेळी चिंधी स्वच्छ निघाली. मिस्त्री म्हणाले, "झालं." मी म्हटलं, "अजून एकदा." ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमी जिनिंगमधे पाह्यजे होत्या." शाळेच्या इन्स्पेक्टरनं दिलेला कोणताही शेरा मला इतका गोड लागला नाही.

जाळी बसली. नव्या तेलाचा घोट पिऊन इंजिन धडधडलं, आणि काटा असा ताठ उभा राहिला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतच सुटलो.

आता खरं तर थांबायला हवं होतं. पण अति तिथे माती. मी पडले विज्ञानाची शिक्षिका आणि त्यातून वर्ध्याची. वर्ध्यात कुठलीही गोष्ट थंड करायची म्हणजे काय करायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. वाळ्याची ताटी लावायची आणि तिच्यावर पाणी मारायचं. कोर्टात, शाळेत, घरात, सगळीकडे तेच. पाण्याची वाफ होते, वाफ उष्णता घेऊन जाते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायची. मग तेलाच्या जाळीपुढेही एक छोटी ताटी का नको? मिस्त्रींनाही ते एकदम पटलं. आईनं वाळा दिला, बांबूच्या कामट्यांवर मी तो गुंफला, वर पाणी ठिबकायला एक डबा टांगला. गॅरेजच्या दारात इंजिन अर्धा तास चालू ठेवून पाहिलं. पंखा त्या ओल्या वाळ्यातून गार हवा ओढत होता, काटा हलायला तयार नव्हता, आणि गॅरेजभर वाळ्याचा आणि तेलाचा मिसळलेला वास सुटला होता. हाच तो वास. मला वाटलं, विलायतेतल्या इंजिनिअरांना जे सुचलं नाही ते मला सुचलं.

त्या अभिमानात आम्ही दोघं दुपारी बाराला चाचणीला निघालो. पवनारचा पूल मागे पडला, सेलू मागे पडलं. मिस्त्री डावीकडच्या सीटवर डोक्याला दुपट्टा गुंडाळून काट्याला डोळे लावून बसले होते. केळझरचा चढ सुरू झाला आणि ते म्हणाले, "उतरला." मग म्हणाले, "अजून उतरला." चढाच्या मध्यावर काटा तांबड्या रेघेला टेकला. गाडी एका पळसाखाली उभी केली. मी उतरून ताटीला हात लावला. वाळा कुरकुरीत वाळलेला, डबा रिकामा, जाळी हात लावू देत नव्हती. आठ दिवसांनी बाबूजींना न्यायचं होतं. मी रस्त्याच्या कडेला फतकल मारली आणि मला सरळ रडू आलं.

तेवढ्यात वरच्या जंगलातून दोन गोंड बाया मोळ्या घेऊन उतरल्या. आधी आपसांत त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून हसल्या. मग त्यांतली वयस्कर बाई मोळी डोक्यावर तशीच ठेवून गाडीपुढे थांबली, ताटीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "अवो बाई, इच्या नाकावर हे काऊन बांधलं?"

"थंड राहावी म्हणून."

ती आणखीच हसली. "नाक बांधून चढ चढतेत का? मी मोळी घेऊन चढतो त पह्यले तोंडावरचा पदर काढतो. लेकराले बी समजते थे."

आणि गेल्या दोघी. तिला शिकवायचं नव्हतं, नुसती थट्टा करायची होती. पण मी तिथेच, डोळे पुसता पुसता, ताडकन उठले. वारा! उभ्या गाडीत वाळा ठीक आहे. पण पळणाऱ्या गाडीला वाऱ्याचा लोट अंगावर हवा, आणि मी नेमका त्याच्या वाटेत दाट पडदा बांधला होता. पाणी तर त्या झोतात पाच मिनिटांत उडून गेलं होतं.

"पण बाई," मिस्त्री म्हणाले, "वारा त हा असा. भट्टीतल्यासारखा. यानं तेल थंड होईन कसं?"

मी त्यांना फळ्याशिवाय समजावलं. आपल्या अंगाला हा वारा गरम लागतो, कारण आपण त्याच्याहून थंड आहोत. तेल उकळत्या पाण्याहून तापलेलं असतं. आपल्याला जी झळ, ती त्या तेलाला झुळूकच. मिस्त्रींनी विचार केला, खिशातून चाकू काढला आणि ताटीच्या दोऱ्या एकेक करून कापल्या. तासाभरानं इंजिन निवलं. आम्ही चढ पुन्हा पायथ्यापासून चढलो, या वेळी नाक उघडं ठेवून. काटा मध्यावर थोडा थरथरला, आणि माथ्यावर, जिथून रस्ता उताराला लागतो तिथे, परत आपल्या जागी उभा राहिला. मिस्त्रींनी डॅशबोर्डला हात जोडले. मी केळझरच्या जंगलात इतक्या मोठ्यानं ओरडले की झाडावरची माकडं पांगली.

त्या दिवसानंतर मला उन्हाळ्याची भीती कधी वाटली नाही. घरात बसून, दारं लावून सोसला तर तो मारतो. त्याच्या अंगावर धावून गेलं तर निभावून नेता येतो. सगळ्यांना हे पटेल असं नाही, आणि डॉक्टर तर मला ओरडतीलच, पण माझं आयुष्य मी बरंचसं याच समजुतीवर काढलं.

आता तो रस्ता चौपदरी झालाय. परवा भाच्यानं नागपूरला नेलं, काचा बंद, आत गारेगार, केळझरचा चढ आला कधी नि गेला कधी कळलंसुद्धा नाही. मी काच थोडी खाली केली तर म्हणतो, "मावशी, झळा येतात." मी म्हटलं, "म्हणूनच."

तर बाबूजींचा दिवस उजाडला. बरोबर बारा वाजता ते बाहेर आले. पांढरंशुभ्र धोतर, कोट, गळ्यात दुपट्टा, डोक्यावर इस्त्रीची पांढरी टोपी. बाबूजींना टोपीशिवाय मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आई म्हणायची, लग्नातही मुंडावळ्या टोपीवरूनच बांधल्या होत्या. छपराचं कापड मी आधीच गुंडाळून ठेवलं होतं; टोपी दोन्ही हातांनी दाबून बसवून ते डावीकडच्या सीटवर बसले. नामदेवमिस्त्री गेटपर्यंत आले होते. गाडीच्या नाकावर त्यांनी हळूच हात फिरवला आणि मला म्हणाले, "थांबजो नका. उभी राह्यली का तापते. पळत राह्यली त काई होत नाई."

पवनार मागे पडलं. सेलूला बैलगाड्यांची रांग आडवी आली. मी पहिल्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, पण चाक न थांबवता तिच्या बाजूनं निसटले. केळझरच्या अलीकडे शेळ्यांचा कळप. राखणाऱ्यानं माझं तोंड पाहिलं आणि बिचाऱ्यानं स्वतः काठी घेऊन शेळ्या हाणल्या. चढ लागला. काटा थरथरला. माथा आला, काटा वर आला, आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तर बाबूजीही काट्याकडेच बघत होते.

उतारावर मी पाय सैल सोडला नाही.

"किती चालू हाये?" बाबूजींनी विचारलं.

"साठ."

"मैल?"

"मैल."

मग समोर एक लॉरी आली, काळा धूर सोडत डुलत चाललेली. बाबूजी घसा साफ करून म्हणाले, "मले धुराचा त्रास होते." मी त्यांच्याकडे बघितलं. ते सरळ समोर बघत होते. मी गिअर बदलला, हॉर्न दिला आणि लॉरी मागे टाकली. बाबूजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याला हसू म्हणावं की नाही, यावर मी पुढे वर्षानुवर्षं आईशी वाद घातला.

बुटीबोरी मागे पडली. समोर सरळसोट, मोकळा रस्ता, नागपूर दहा-पंधरा मैलांवर, काटा खिळा ठोकल्यासारखा जागेवर. जिंकलो होतो आम्ही! मी पाय पूर्ण दाबला. इंजिनानं हाक दिली, आणि त्याच क्षणी वाऱ्याचा एक लोट काचेवरून आत आला आणि बाबूजींची टोपी उडाली.

मी आरशात पाहिलं. मागे, लांबवर, काळ्या डांबरावर एक पांढरा ठिपका लोळत होता. बाबूजींचं टक्कल उघड्या उन्हात चमकत होतं. त्यांचा हात तसाच डोक्यावर गेलेला, रिकाम्या जागी. टोपीशिवाय ते कुणाच्या दारात पाऊल टाकणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. आणि थांबले तर गाडी जाणार होती, हेही. कारण सांगायचं नव्हतं.

मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. ब्रेकवर ठेवला. खरंच सांगते, त्या घटकेला मला गाडीचं काही वाटलं नाही.

"थांबू नको," बाबूजी म्हणाले.

"बाबूजी, तुमची टोपी—"

"मालू, मी सांगून राह्यलो न तुले. थांबू नको. चाल."

त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला आणि शेतावरचा माणूस बांधतो तसा डोक्याला, कानांवरून, करकचून बांधला. मग मागे टेकून बसले. मी गाडी सोडली. डोळ्यांत पाणी येत होतं आणि वाऱ्यानं लगेच वाळत होतं.

नागपुरात शिरल्यावर मी सिव्हिल लाइन्सकडे वळले. त्या गिरणीवाल्यांचा बंगला दुरूनच दिसला. फाटक उघडं होतं, आणि ते स्वतः पोर्चमध्ये उभे राहून आमची वाट बघत होते. मी वेग कमी केला.

"इकडे कायले घेऊन राह्यली?" बाबूजी म्हणाले. ते बंगल्याकडे बघतसुद्धा नव्हते. "सरळ घे. मले टोपी घ्या लागते."